व्हाइस सिटी की सॅन अँड्रियास: जास्त डोकं कोण खातं?

आम्ही इंदूरचे, रामबागेतले, त्यामुळे खोड काढल्याशिवाय पोहेसुद्धा घशाखाली उतरत नाहीत, मग गेम कसा सुटणार. जीटीए या गुंडगिरीच्या कॉम्प्युटर गेमच्या मालिकेतले हे दोन गेम: दादा व्हाइस सिटीवाला (२००२), मी सॅन अँड्रियासवाला (२००४), आणि भांडण अजून चालूच आहे.

व्हाइस सिटीतला हिरो टॉमी अख्ख्या शहराचा डॉन होतो पण पाण्यात पडला की मरतो. चारी बाजूंनी समुद्र आणि ह्याला पोहता येत नाही! भिंतसुद्धा चढता येत नाही. आणि ते रिमोटच्या हेलिकॉप्टरचं मिशन, त्यातून चार बॉम्ब ठेवायचे, वर टायमर पळतोय, तिसऱ्या बॉम्बला पंखा भिंतीला घासला की सगळं पहिल्यापासून, कारण मधे चेकपॉइंट, म्हणजे जिथून पुन्हा सुरू करता येईल अशी जागा, नावाची गोष्टच नाही. दादाने तेव्हा कीबोर्ड आपटला होता, आईने दोन दिवस कॉम्प्युटर बंद ठेवला.

सॅन अँड्रियासमध्ये हिरो सीजे पोहतो, चढतो, जिममध्ये जातो. पण गेम लांबतो फार. वाळवंटात पोचलात की विमान शिकायची शाळा, ती पास झाल्याशिवाय स्टोरी पुढे सरकतच नाही, आणि कीबोर्डवर विमान म्हणजे शिक्षाच. ट्रेनच्या मिशनमध्ये बाइक मी चालवायची, गोळ्या मागे बसलेल्या साथीदाराने, बिग स्मोकने झाडायच्या, त्याचा नेम चुकतो आणि बोलणी मलाच! वर सीजे जास्त खाल्लं की ओकतो, आमच्या सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, एक रात्र टिकला नसता बिचारा.

तरी माझं मत सॅन अँड्रियासलाच. विमान दहा वेळा पाडलं तरी चालेल, हिरो गुडघाभर पाण्याला घाबरणारा नको. दादाला हे पटत नाही, तो म्हणतो व्हाइस सिटीत गाडीतल्या रेडिओवर लागणाऱ्या गाण्यांसाठी सगळं माफ.