ठासणीच्या बंदुकीला बॅलिस्टॉल: पावसाळा काढतं का?

आंबा-काजू आटोपला की कोकणातली ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक कोपऱ्यात जाते, ती भात पोटरीला येईपर्यंत. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात दमट दिवसांत ती न वापरता पडून असते. बार काढून नळी झिजते ती फार थोडी. ती खराब होते याच महिन्यांत, आणि बाहेरून नाही, आतून. दस्ता चकचकीत, घोडा काळाभोर आणि नळीत बॅटरी मारली तर तांबडी खरूज, अशा बंदुका पीकसंरक्षणाच्या परवान्यांवर ढिगाने सापडतील.

अशा साठवणीसाठी हल्ली ज्या तेलाचं नाव सारखं घेतलं जातं ते बॅलिस्टॉल. १९०४ साली हेल्मुट क्लेव्हर या रसायनशास्त्रज्ञाने जर्मन सैन्यासाठी केलेलं हे तेल. नळी, लाकूड आणि चामडं या तिन्हींना एकच तेल चालावं, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे ते आयात होऊन ऑनलाइन मिळतं, बाटलीत आणि स्प्रेच्या डब्यात. ठासणीसाठी बाटलीच घ्या. स्प्रेमध्ये तेलाबरोबर वायूही असतो, आणि तो वायू पेट घेणारा. वास बडीशेप आणि न वाळलेले मोजे यांच्या मधला कुठलातरी आहे. काहींना आवडतो म्हणे.

निकाल आधीच देतो. साफसफाईला उत्तम, महिन्याच्या तेलपाण्याला चांगलं. पण जूनमध्ये एकदा लावायचं आणि भात पोटरीला आल्यावरच बंदूक उघडायची असा बेत असेल, तर एकट्या बॅलिस्टॉलवर विसंबू नका.

याचं कारण दारूच्या काजळीत आहे. काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. ती जळल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू होऊन जात नाही, घन क्षारांच्या रूपात उरतो: पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड. त्यातलं कार्बोनेट हवेतली ओल ओढून घेतं. केपांमध्ये, म्हणजे घोडा आपटल्यावर ठिणगी देणाऱ्या छोट्या टोप्यांमध्ये, क्लोरेट असेल तर त्यातून पोटॅशियम क्लोराइड उरतं, ते तर मिठाचं सख्खं भावंडच. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, फक्त पाण्यात विरघळतात. न धुतलेल्या नळीत कितीही भारी तेल ओतलं तरी गंज तेलाखाली बसून आपलं काम करतो. नुसते वानर हाकलायला आवाजी बार काढले, छर्रा घातलाच नाही, तरी काजळी तीच. ‘गोळी मारलीच नाही, मग धुवायची कशाला’ हा हिशेब नळीला कळत नाही.

बॅलिस्टॉलचं वेगळेपण इथे येतं. ते पाण्यात मिसळतं आणि मिश्रण दुधासारखं पांढरं होतं. एक भाग तेलाला दहा भाग पाणी घेतलं की क्षारही विरघळतात आणि चिकट काजळीही सुटते. अमेरिकेतले ठासणीवाले या मिश्रणाला ‘मूस मिल्क’ म्हणतात. मूस म्हणजे तिकडचं भलंमोठं हरीण. साधं इंजिन तेल काजळीत मिसळलं की डांबरासारखा थर बसतो, तसं याने होत नाही. मात्र खूप बार काढलेल्या नळीला हे मिश्रण एकटं पुरत नाही. तिला आधी साबणाचं पाणी लागतंच, आणि ते जवळजवळ फुकट आहे.

सुरुवात बंदूक रिकामी आहे याची खात्री करण्यापासून. निपलवर, म्हणजे केप बसते त्या भोकाच्या बोंडावर, केप नसावी. गज, म्हणजे दारू ठासायची काठी, नळीत बुडापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग बाहेर काढून नळीला समांतर धरा. गजाचं टोक जवळजवळ निपलच्या रेषेपर्यंत आलं पाहिजे. तीन-चार बोटं कमी पडलं तर आत बार आहे. तो केप लावून उडवून बघू नका. माहीतगार माणसाकडून किंवा परवानाधारक बंदूक कारागिराकडून काढून घ्या. रिकाम्या नळी किती खोल जाते त्याची खूण गजावर कायमची कोरून ठेवली तर हा प्रश्न दर वेळी पडत नाही. भरलेली बंदूक हंगामभर ठेवणं हा तर दुहेरी आतबट्ट्याचा व्यवहार: घरात धोका, आणि ओल धरणारी दारू नळीच्या बुडाशी.

नळी दस्त्याला पाचरीने अडकवलेली असेल तर पाचर काढून नळी सुटी करा. पिनांनी बसवलेली असेल तर दर वेळी पिना ठोकू नका, लाकूड चिरतं. अशी नळी दस्त्यावरच, ओल्या चिंध्यांनी धुवायची आणि पाणी लाकडात झिरपू द्यायचं नाही. निपल त्याच्या चावीने काढा. पक्कडीने काढलेल्या निपलचे कोपरे झिजतात आणि पुढच्या वेळी चावीही फिरते. हलत नसेल तर आट्यांशी दोन थेंब बॅलिस्टॉल सोडून रात्रभर ठेवा. गंजलेल्या आट्यांत ते छान शिरतं.

सुट्या नळीसाठी अर्धी बादली कोमट पाणी, त्यात चमचाभर भांड्यांचा साबण. बूड बादलीत, गजाच्या टोकाला घट्ट बसणारी सुती चिंधी, आणि पंपासारखं वर-खाली. निपलच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं आणि काळं होऊन बाहेर येतं. कुजक्या अंड्यासारखा वास सुटेल, तो सल्फाइडचा. वास थांबेपर्यंत आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बादली बदला. दोन-तीन बदलाव्या लागतात. शेवटची नुसत्या पाण्याची.

उकळतं पाणी घालावं, लवकर सुकतं, असा जुना सल्ला आहे. सुकतं खरं, पण तापलेल्या उघड्या लोखंडावर मिनिटांत तांबूस झाक चढते. कोमटच बरं. मग पाच-सहा कोरड्या चिंध्या, शेवटची कोरडी निघेपर्यंत. बऱ्याच बंदुकांत दारू बसते ती बुडाची खोली नळीपेक्षा अरुंद असते, तिथे मोठी चिंधी पोचतच नाही. गजावर बारीक ब्रश किंवा चिंधीचं टोक करून तेवढी जागा वेगळी पुसा, कारण गंज पहिला तिथेच धरतो. पावसाळी हवेत ओल राहतेच, म्हणून एक चिंधी आयसोप्रोपिल अल्कोहोलची फिरवा. हँड सॅनिटायझर नको. बहुतेकांत ग्लिसरीन असतं आणि ते ओल धरतं.

आता तेल. निर्भेळ बॅलिस्टॉल, पाणी न घालता, चमचाभर. चिंधी भिजवून नळीभर दोनदा. उत्साहात बाटली उपडी करू नका. जास्तीचं तेल बुडाशी जमतं, निपलच्या वाटेने घोड्याच्या कळीत, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेत, उतरतं आणि तिथलं लाकूड भिजून मऊ पडतं. बंदूक पहिली रात्र तोंड खाली करून वर्तमानपत्रावर उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवा. पिवळट निघाली तर ठीक. तपकिरी निघाली तर क्षार उरले आहेत, पुन्हा बादलीपासून सुरुवात. ही दुसऱ्या दिवशीची चिंधी चुकवली की पुढचं सगळं तेल वाया, असं खुशाल समजा.

मग बॅलिस्टॉल कुठे कमी पडतं? त्याचा थर पातळ असतो. ते वाळून चिकट होत नाही, हा मोठा गुण. पण उभ्या लोखंडावरून हळूहळू खाली ओघळतं. किनाऱ्याजवळच्या खारट हवेत महिन्याने तोच भाग कोरडा लागतो. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी तेलाची चिंधी हवी. ते जमणार नसेल तर बाहेरच्या लोखंडावर साधं व्हॅसलीन चोळा, दिसेल न दिसेल इतकं. ओल अडवण्यात ते या पातळ तेलापेक्षा सरस आहे आणि वाण्याकडे मिळतं. निपलच्या आट्यांनाही तेच. पैसे खर्च करायचेच असतील तर ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स बाहेरून सुंदर बसतं, हाताचे ठसेही उठत नाहीत. नळीच्या आत मात्र ते नको.

डब्ल्यूडी-४० बद्दल नेहमी विचारलं जातं. नावातलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजेच पाणी हटवणं, आणि धुतल्यावर खाचाखोचांतलं पाणी हाकलायला ते झकास. पण त्यातला बराच भाग उडून जातो, उरतो तो पापुद्रा. त्यावर पावसाळा काढायचा म्हणजे छत्री फाटकी आणि सर मिरगाची.

खोबरेल घरात असतं म्हणून लावलं जातं. ते वाळत नाही, पण खवट होतं, थंडीत गोठतं आणि मुंग्या बोलावतं. करडई किंवा जवसाचं तेल तर कळीत कधीच नको. ही तेलं वाळून वार्निश होतात आणि घोडा अडकतो. शिलाई मशीनचं तेल कळीच्या सांध्यांना एकेक थेंब उत्तम, नळीसाठी फार पातळ.

ठेवायची जागा तेलाइतकीच महत्त्वाची. चामड्याच्या किंवा फोमच्या म्यानात नको, दोन्ही ओल धरून ठेवतात. प्लास्टिकच्या पिशवीत नको. तोंडाला बूच मारू नका, आतली दमट हवा आतच घाम धरते. चुलीवरच्या माळ्यावर तर नकोच, धूर आम्लधर्मी असतो. आतल्या खोलीत, भिंतीपासून सुटी, तोंड किंचित खाली, आणि अर्थातच कुलपात. ओल शोषणारं सिलिका जेल घट्ट झाकणाच्या पेटीतच कामाचं. उघड्या कपाटात दोन-चार दिवसांत भरून जातं. घोडा अर्ध्या चापावर सोडू नका, कमान ताणलेली राहते. चामड्याचा तुकडा मध्ये ठेवून खाली टेकवा. निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची असेल तर व्हॅसलीनचा हात मारूनच द्या आणि पोचपावतीवर तिची अवस्था लिहून घ्या. तिथे महिना-दीड महिना तिला कोणी तेल लावणार नाही.

बंदूक पुन्हा काढताना उलटा क्रम. तेल सगळं निघालं पाहिजे, नाहीतर दारू ओली होते आणि केप वाजूनही बार फुसका जातो. दोन कोरड्या चिंध्या, एक अल्कोहोलची, पुन्हा एक कोरडी, बुडाची अरुंद खोली वेगळी. निपलच्या भोकात बारीक तार घालून बघा. मग दारू न भरता, मोकळ्या सुरक्षित दिशेला, नळीचं तोंड जमिनीवरच्या सुक्या पानाजवळ धरून एक केप वाजवा. पान हललं तर वाट मोकळी आहे. नाही हललं तर निपल पुन्हा काढा.