‘शॉर्ट बेडला चालतो’ म्हणाले आणि साधा हिच गळ्यात मारला

कोजागिरीला दूध आटत होतं, तेव्हा मंडळातल्या दोघांनी मला वेगवेगळं बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचा आहे, ट्रक शॉर्ट बेड, म्हणजे मागचा उघडा हौदा आखूड असलेला आहे, डीलर म्हणतो काही अडचण नाही, तुमचा अनुभव काय? दोघांनाही मी तिथेच उभं राहून अर्धा तास सांगत बसलो. घरी आल्यावर वाटलं, आपण गप्प बसलो तर तिसरा, चौथा असाच फसेल. म्हणून सगळं लिहून काढतोय.

आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. मुलीचं लग्न झालं, नातू झाला, आणि आता अमेरिका डोळे भरून बघायची असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. माझ्याकडे थ्री-क्वार्टर टन वर्गातला पिकअप ट्रक आधीपासून आहे, साडेसहा फुटी बेडचा. कोल्हापूरकडे वडिलांच्या ट्रॅक्टरला मी उसाची ट्रॉली जोडलेली आहे, मागे घेतलेली आहे, त्यामुळे ओझं ओढण्याची भीती नव्हती. पण ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या मागे, चाकांच्याही मागे हुकात अडकते. फिफ्थ व्हीलचं गणित निराळं आहे आणि ते मला कोणी सांगितलं नाही.

मुंबई-पुणे रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर बघितलेत ना? तीच रचना. ट्रेलरच्या नाकाखाली एक जाड लोखंडी खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. ती ट्रकच्या बेडमध्ये बसवलेल्या हिचच्या, म्हणजे लोखंडी जोडणीच्या, जबड्यात अडकते. भार मागच्या आसावर नीट पडावा म्हणून हिच आसाच्या वर किंवा किंचित पुढे बसवतात. आठ फुटी लाँग बेडमध्ये तिथून कॅबपर्यंत, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत, भरपूर जागा राहते. साडेसहा फुटीत ती कमी होते आणि साडेपाच फुटीत तर फारच कमी. माझ्या ट्रकमध्ये किंगपिनच्या मध्यापासून कॅबच्या काचेपर्यंत 40 इंच भरतात. ट्रेलरची रुंदी 96 इंच, म्हणजे अर्धी 48. ट्रक काटकोनात वळला की ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्याला 48 इंच जागा लागते आणि आहे 40. ट्रेलरचे पुढचे कोपरे गोलसर असले तर धडक थोडी उशिरा बसते, एवढाच काय तो फरक. ही वजाबाकी चौथीतलं पोर करेल. मी ती ट्रेलर विकत घेतल्यानंतर केली.

फेब्रुवारीतला शनिवार, संध्याकाळची वेळ. हायवेलगतचा मोठा डीलर, नाव लिहीत नाही. विक्रेता तिशीतला, अत्यंत अदबीने बोलणारा. माझ्या बायकोला त्याने कॉफी आणून दिली, नातवाचे फोटो बघितले. हिचबद्दल मी त्याला तीनदा विचारलं, कारण शॉर्ट बेडला सरकणारा हिच, म्हणजे स्लायडर, लागतो एवढं माझ्या कानावर होतं. त्याने ट्रेलरच्या नाकाचा कापलेला कोपरा दाखवला, म्हणाला हे मॉडेलच शॉर्ट बेडसाठी आहे, आणि वर तुम्हाला ऑटोमॅटिक स्लायडर देतोय, गाडीतून उतरावंही लागणार नाही. हिच आणि बसवणावळ मिळून 2,900 डॉलर. आज सही केली तरच ही किंमत. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याचा मेसेजही आला, की ऑटो स्लायडर पॅकेजमध्ये आहे, काळजी नको. तो मेसेज मी पुसला नाही, हे माझं नशीब.

सही करताना बायको दोनदा म्हणाली, “अहो, घरी नेऊन वाचू या ना एकदा.” मी ऐकलं नाही. दुकान बंद व्हायला आलं होतं आणि समोरचा माणूस ताटकळत उभा होता, मलाच संकोच वाटला. त्या कागदांत हिचच्या ओळीवर फक्त ‘फिफ्थ व्हील हिच, बसवून’ एवढंच होतं. कंपनी नाही, मॉडेल नाही, स्लायडर हा शब्द नाही. पुढच्या पानावर बारीक अक्षरांत दोन वाक्यं होती. एक, कॅब आणि ट्रेलरमधलं अंतर तपासण्याची जबाबदारी ग्राहकाची. दुसरं, तोंडी आश्वासनं कराराचा भाग नाहीत. दोन्हींखाली माझी आद्याक्षरं आहेत.

मार्चमध्ये बिग बेंड नॅशनल पार्कला निघालो. पहिला मोठा प्रवास. आय-10 वरून सॅन अँटोनियो, करव्हिल करत जंक्शन नावाच्या गावी डिझेल भरायला थांबलो. हायवेवर ट्रेलर इतका सरळ, शांत चालला होता की माझा विश्वास आणखी वाढला होता. डिझेल भरलं. पंपाच्या पुढे एक पिकअप आडवी उभी होती, म्हणून उजवीकडे आवळून वळण घेतलं, माणूस चालेल त्या वेगाने. बायको ओरडली, “अहो, थांबा, थांबा!” आणि तेवढ्यात मागून कोणीतरी लाथ मारावी तसा दणका बसला. आरशात बघितलं तर मागची काच सगळी पांढरीफटक झाली होती, धुकं साचल्यासारखी. क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग खळ्ळकन आत ढासळली. मागच्या सीटवर नातवाची खुर्ची बांधलेली होती, कारण मुलगी-जावई त्याला घेऊन अल्पाइनला आम्हाला येऊन भेटणार होते. त्या रिकाम्या खुर्चीत ओंजळभर काच साठली होती. खडीसाखरेएवढे तुकडे, उन्हात चमकत होते. बायकोने पट्टा सोडवायला हात घातला आणि तिचा हात थरथरायला लागला. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

ट्रेलरच्या नाकाला हातभर चीर गेली होती, कॅबचा मागचा कोपरा चेपला होता. काचेच्या जागी प्लॅस्टिक चिकटवून आम्ही माघारी आलो. दुरुस्तीचं बिल 4,600 डॉलर झालं. विम्याने काही दिलं, काही आमच्या खिशातून गेलं.

खरी गोष्ट कळली ती घरी आल्यावर. केटीच्या बाहेर एक वयस्कर कारागीर स्वतंत्रपणे हिच बसवण्याचं काम करतो. त्याने टॉर्च घेऊन बेडमध्ये गुडघे टेकले आणि मिनिटभरात वर बघून विचारलं, “तुम्हाला हा स्लायडर म्हणून विकला?” मला त्याने एकेक दाखवलं. हिचचे चारही पाय रुळांना थेट पिनांनी जखडलेले, सरकायला जागाच नाही. बहुतेक ऑटोमॅटिक स्लायडरला ट्रेलरकडच्या बाजूलाही एक पत्रा लागतो, कॅप्चर प्लेट. किंगपिन ज्या पेटीतून खाली येते त्या पेटीला तो बसवतात, आणि त्या पेटीच्या मॉडेलप्रमाणेच घ्यावा लागतो. माझ्या पेटीला असलं काहीच नव्हतं. मग त्याने जबड्यावर नख ओढलं. वरचा काळा रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली घासून चकचकीत झालेलं जुनं लोखंड दिसलं. किती भार पेलतो हे सांगणारं लेबल जिथे असतं तिथे नुसता डिंकाचा चौकोन होता. म्हणजे ऑटोमॅटिक स्लायडरच्या पैशांत मला जुना, रंगवलेला, जागचा न हलणारा हिच बसवून दिला होता. आणि त्यावर आम्ही पाच टनांचं घर बांधून हायवेवरून चाललो होतो. हे आठवलं की अजूनही रात्री जाग येते.

त्या कारागिराकडूनच मी शिकलो ते इथे सांगतो, कारण दुकानात हे कोणी समजावत नाही. हाताने सरकवायचा स्लायडर स्वस्त असतो आणि वाईट नसतो. पण आवळून वळायच्या आधी थांबून उतरायचं, लिव्हर ओढायचा, ट्रेलरचे ब्रेक दाबून धरून ट्रक हळूच पुढे घ्यायचा, म्हणजे हिच सुमारे फूटभर मागे जातो. वळून झालं की उलट क्रिया करून तो पुढे आणून पुन्हा जखडायचा, तसाच मागे ठेवून हायवेला लागायचं नाही. कॅम्पग्राउंडवर हे जमतं. माझ्यासारखा पंपावर अचानक अडकला तर आठवण राहील का, हे ज्याचं त्याने ठरवावं. ऑटोमॅटिकमध्ये, उदाहरणार्थ पुलराइटची सुपरग्लाइड, ट्रेलर वळायला लागला की हिच आपोआप मागे सरकतो आणि सरळ झाला की पुढे येतो. महाग आणि जड. तिसरा मार्ग म्हणजे हिच साधाच ठेवून ट्रेलरची पिनची पेटीच बदलायची. साइडवाइंडर नावाची पेटी वळण्याचा बिंदू सुमारे 22 इंच मागे नेते. तिच्यासाठी एक पाचर बसवून किंगपिनला हिचमध्ये फिरू द्यायचं नसतं. यातलं काहीही घेतलं तरी ट्रेलर बनवणाऱ्याला लेखी विचारा, कारण पेटीत परस्पर बदल केले तर सांगाड्याची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

वजनातही आम्हाला असंच अंधारात ठेवलं. विक्रेत्याने माहितीपत्रकावरचा ओढण्याचा आकडा दाखवला होता, तो भलामोठा असतो. फिफ्थ व्हीलमध्ये अडतो तो दुसराच आकडा, ट्रकच्या पाठीवर किती भार चालतो तो. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि प्रत्येक ट्रकचा वेगळा असतो. माझा 2,410 पौंड. ट्रेलरच्या वजनाचा साधारण 20 ते 25 टक्के भार किंगपिनवर येतो. ट्रक स्टॉपवरच्या कॅट नावाच्या वजनकाट्यावर एकदा ट्रेलरसकट आणि एकदा नुसता ट्रक घालून मोजलं, तेव्हा पिनचा भार 2,280 निघाला. हिचचे 130, आम्ही दोघं आणि सामान मिळून 450. बेरीज 2,860. म्हणजे ज्या दिवशी ट्रेलर आमच्या हवाली केला, त्या दिवसापासून तो आमच्या ट्रकच्या कुवतीबाहेरच होता. जो माणूस दिवसाला चार ट्रेलर विकतो त्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

डीलरकडे गेलो. विक्रेता दुसऱ्या शाखेत गेला होता. मॅनेजरने कागद पुढे सरकवून माझी आद्याक्षरं दाखवली आणि म्हणाला, तुम्ही मर्यादेपेक्षा जास्त वळवलंत, चूक चालवणाऱ्याची. मी म्हटलं, तीन दिवसांत माल परत करता येतो ना? हा आपल्यात पसरलेला फार मोठा गैरसमज आहे. तीन दिवसांत रद्द करण्याचा तो केंद्रीय नियम घरी येऊन किंवा तात्पुरत्या जागी केलेल्या विक्रीसाठी आहे. दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला तो लागू नाही.

मग वकिलाचा तासाभराचा सल्ला विकत घेतला. तो वाचकांना फुकट देतो. आपण वस्तू कशासाठी घेतोय हे विक्रेत्याला ठाऊक आहे आणि त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवून आपण घेतली, तर ती त्या कामाला योग्य असण्याची हमी कायदा गृहीत धरतो. युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारविषयक कायद्याचं कलम 2-315. विक्रेते ती हमी कागदावर नाकारून ठेवतात, म्हणून ते वाक्य शोधून वाचा. टेक्ससमध्ये फसव्या व्यापाराविरुद्ध 1973 चा कायदा आहे, त्याखाली दावा लावण्याआधी 60 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 20,000 डॉलरपर्यंतचे दावे जस्टिस कोर्टात जातात आणि तिथे वकिलाशिवाय उभं राहता येतं. माझी आणखी एक चूक वकिलाने दाखवली. हिचचे पैसे मी ट्रेलरच्या कर्जात घातले होते. तेच वेगळ्या बिलावर, क्रेडिट कार्डाने दिले असते, तर ठरल्याप्रमाणे माल मिळाला नाही म्हणून कार्ड कंपनीकडे 60 दिवसांत लेखी तक्रार करता आली असती.

कोजागिरीच्या त्या दोघांना मी हेच सांगितलं. बिलावर हिचची कंपनी, मॉडेल नंबर, भार पेलण्याची क्षमता आणि ‘ऑटोमॅटिक स्लायडर’ हे शब्द आल्याशिवाय पेनाला हात लावू नका. टेप खिशात घेऊन जा आणि पिनपासून काचेपर्यंतचं अंतर स्वतः मोजा. आणि ट्रेलर ताब्यात घेण्याआधी डीलरच्या माणसाला तुमच्याच ट्रकमध्ये बसवा, त्याच्याच आवारात काटकोनात वळवायला लावा, तुम्ही खाली उभे राहून कोपऱ्याकडे बघा. हिच खरा असेल तर तो दहा मिनिटांत हे करून दाखवेल. टाळाटाळ केली तर सरळ निघून या, कॉफी प्यायली असली तरी.

आमची नोटीस जुलैत गेली. सप्टेंबरमध्ये डीलरच्या वकिलाकडून पत्र आलं, 2,000 डॉलर देतो, पण या व्यवहाराबद्दल कुणाकडेही, कुठेही, काहीही बोलायचं नाही. ते पत्र आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडून होतं. ट्रेलर स्टोरेजमध्ये उभा आहे, त्याचं भाडं दर महिन्याला जातं, पैशांची गरज होतीच. एका सकाळी बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं, “मंडळात पुढे कुणी विचारलं तर काय सांगाल?” मी पत्रावर सही केली नाही. दावा दाखल केला आहे. तो हिच काढून, रंग निघालेला जबडा वर करून, गॅरेजमध्ये तसाच ठेवला आहे, कोर्टात न्यायला.