बाळाची पहिली तीन इंजेक्शनं: दुखरी की ‘पेनलेस’?

दीड महिन्याचं लसीकरण जवळ आलं की घराघरात हाच प्रश्न निघतो. उपकेंद्रातली मोफत पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस) द्यायची, की खासगी दवाखान्यातली ‘पेनलेस’? घटसर्प, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जिवाणू) यांच्यापासून दोन्हींनी चांगलं संरक्षण मिळतं. खरा फरक आहे तो डांग्या खोकल्याच्या घटकात.

पेंटाव्हॅलंटमध्ये त्या खोकल्याचा अख्खा जिवाणू मारून घातलेला असतो. शरीराला तो नखशिखांत ओळखता येतो, त्यामुळे प्रतिकारही जोरात होतो. ताप येतो, सूज येते. माझ्या लेकीची डावी मांडी संध्याकाळपर्यंत टणक आणि गरम झाली होती. लंगोट बदलायला पाय उचलला तरी कळवळायची. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाय झाडत खेळायला लागली. सुपारीएवढी गाठ तेवढी काही आठवडे राहिली.

पेनलेसमध्ये जिवाणूची दोन ते पाच शुद्ध केलेली प्रथिनं असतात, बाकी काही नाही. ताप आणि सूज बरीच कमी. सहा रोगांची एकत्र लस घेतली तर पोलिओची वेगळी सुईही वाचते. पण एका डोसला काही हजार रुपये मोजावे लागतात, आणि डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं. अमेरिकेने नव्वदच्या दशकात बाळांसाठी ही लस स्वीकारली; २०१२ साली तिथे ४८ हजारांवर रुग्ण सापडले, त्यांत लस पूर्ण झालेली शाळकरी मुलंही होती.

तब्येतीने ठणठणीत बाळाला पहिले तीन डोस दुखरेच द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र आधीच्या डोसनंतर झटके आले असतील किंवा बाळाचं रडणं तीन-तीन तास थांबता थांबत नसेल, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांशी बोला. अशा वेळी पेनलेसचा खरा उपयोग असतो. दीड वर्षाच्या बूस्टरला पेनलेस घ्यावीशी वाटली तर मला त्यात वावगं वाटत नाही.

ठरत नाही म्हणून तारीख मात्र पुढे ढकलू नका. जपानने १९७५ मध्ये दोन बाळांच्या मृत्यूनंतर दुखरी लस काही काळ थांबवली. पालक बिथरले, लसीकरण घसरलं आणि १९७९ मध्ये डांग्या खोकल्याने ४१ जीव घेतले. पेनलेस तिथे १९८१ मध्ये आली.