तयार डीटीएफ शीटवर स्ट्रीटवेअर ब्रँड उभा राहतो का?

स्वतःचा स्ट्रीटवेअर ब्रँड काढायचं ठरवलं की छपाईचा प्रश्न लगेच येतो. मशीन घ्यायला पैसे नसतात आणि स्क्रीन प्रिंटिंगवाला थोड्या नगांना हात लावत नाही. मग डिझाइनची फाईल पाठवून छापलेली डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म) फिल्म मागवायची आणि हीट प्रेसवर कोऱ्या टी-शर्टला दाबायची, हा मार्ग उरतो. नमुने आणि छोट्या पहिल्या ड्रॉपसाठी, म्हणजे एका वेळी विक्रीला आणलेल्या थोड्या मालासाठी, ही सेवा उत्तम आहे. छातीभर पसरलेल्या सलग रंगाच्या डिझाइनसाठी मात्र ती कमी पडते. ती घ्यावी ती छपाईच्या दर्जासाठी नव्हे, तर पैसा अडकत नाही म्हणून.

हाती येते ती पीईटी प्लास्टिकची फिल्म. तिच्यावर उलटं छापलेलं रंगीत चित्र, त्यावर पांढऱ्या शाईचा थर आणि त्यावर वितळवलेली चिकट पावडर असते. रोलची रुंदी साधारण ५५ ते ६० सेंमी असते आणि पैसे बहुधा लांबीवर लागतात, त्यामुळे शीटवरची प्रत्येक मोकळी जागा म्हणजे वाया गेलेला पैसा. दोन डिझाइनमध्ये कापण्यापुरतं १ सेंमी अंतर ठेवा आणि उरलेल्या फटींत ६-७ सेंमी रुंदीची नेक लेबलं बसवा. शिवायच्या लेबलांचा वेगळा खर्च वाचतो आणि मानेला टोचतही नाही.

फाईल पारदर्शक पार्श्वभूमीची, प्रत्यक्ष मापात आणि ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) हवी. सगळ्यात जास्त माल बिघडतो तो धूसर सावल्या आणि चमक यांमुळे. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर सुंदर दिसणारी अर्धपारदर्शक कड काळ्या कापडावर पांढुरकी झाक होऊन बसते, कारण तिच्याखाली पांढरा थर येतोच. अशा जागा ठिपक्यांच्या हाफटोनमध्ये बदलून द्या. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेषांना पुरेशी पावडर धरत नाही, आणि त्या दोन-चार धुण्यांत निघतात. काळ्या टी-शर्टसाठीच्या डिझाइनमधला काळा रंग काढून टाका, तिथे कापडच दिसू द्या. प्रिंट हलका पडतो, हवा खेळते आणि रबरी चकतीसारखा भास जातो. एवढा एकच बदल केला तरी अंगावरचा फरक कळतो.

शीट आली की लगेच कापायला घेऊ नका. आधी उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर पांढरी शाई नीट सुटलेली नाही. चित्राच्या कडेने पांढरी रेघ डोकावत असेल तर पांढरा थर रंगापेक्षा किंचित आत घ्यायला हवा होता, ते पुढच्या ऑर्डरला सांगा. मागची बाजू बोटाने चाचपा. नीट वितळलेली पावडर संत्र्याच्या सालीसारखी लागते. कोरडी आणि दाणेदार लागली तर ती कच्ची आहे. पिवळसर झाली असेल तर जास्त भाजली गेली. फिल्मवर तेलकट ओल दिसत असेल तर ती दमट हवेत राहिली आहे, असा माल परत करा.

दाबण्याची पद्धत साधी आहे, पण शिस्त लागते. कोरा टी-शर्ट आधी ४-५ सेकंद दाबून त्यातला ओलावा घालवायचा. मग १५० ते १६० अंशांवर, मध्यम दाबाने, १० ते १५ सेकंद. फिल्म गरम असताना सोलायची की पूर्ण गार झाल्यावर, हे छापणाऱ्याला विचारून घ्या. गार सोलायची फिल्म कोमट असताना ओढली की कोपरे उठतात. उठले तर पुढे ओढू नका, परत टेकवून पुन्हा दाबा. शेवटी टेफ्लॉन शीट किंवा बटर पेपर ठेवून आणखी ५ ते १० सेकंद. हा दुसरा दाब वगळला की प्रिंट प्लास्टिकसारखा चकाकतो आणि धुण्यात लवकर हार मानतो.

कडा सुटण्याची तक्रार आली की बहुतेक जण शीटवर खापर फोडतात. खरी कारणं अनेकदा प्रेसमध्येच असतात. गळ्याची रिब (ताणणारी पट्टी) किंवा खांद्याची शिवण प्लेटखाली आली की तेवढ्या उंचीमुळे शेजारच्या भागाला दाबच मिळत नाही. गळा प्लेटबाहेर लोंबू द्या, किंवा प्रिंटच्या जागेखाली प्रेसची उशी घाला. स्वस्त प्रेसचं आणखी एक दुखणं म्हणजे आकडा १६० दाखवतो आणि कोपरे त्याहून बरेच थंड असतात. प्लेटच्या चारही कोपऱ्यांचं तापमान वेगळं मोजा. पॉलिस्टर मिसळलेलं लाल किंवा मरून कापड टाळलेलंच बरं, उष्णतेने कापडाचा रंग वर चढतो आणि पांढरा प्रिंट गुलाबी होतो.

आता कोऱ्या टी-शर्टबद्दल, कारण ब्रँडची परीक्षा इथेच होते. १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या) कापडावर ३५ × ४० सेंमीचा सलग प्रिंट बसवला की प्रिंट ताठ राहतो, आजूबाजूचं कापड लोळतं आणि घाम आत कोंडतो. ओव्हरसाइज मापासाठी २४० जीएसएमच्या आसपासचं कोम्ब्ड (आखूड तंतू विंचरून काढलेलं) कॉटन घ्या. ऑर्डरआधी एक नग मोजून, धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. ७२ सेंमी उंचीचा टी-शर्ट ३ टक्के आटला तर २ सेंमीहून जास्त उंची जाते. कापड आटतं पण प्रिंट आटत नाही, म्हणून भोवती चुण्या पडतात आणि गिऱ्हाईक म्हणतं प्रिंट खराब. बाजूची शिवण पोटाकडे वळली तर सुताचा पीळ नीट बसवलेला नाही, तो लॉट घेऊ नका. गळ्याच्या रिबमध्ये थोडं लायक्रा हवं. नुसत्या कॉटनची रिब महिन्याभरात लाटा मारते.

सेवेचा खरा फायदा साठ्यात दिसतो. ४८ नगांचा ड्रॉप एस, एम, एल, एक्सएल अशा १:२:२:१ प्रमाणात भरला तर ८, १६, १६, ८ येतात. तेच नग आधीच तीन डिझाइनमध्ये छापून ठेवले की एखाद्या डिझाइनचा एल संपतो आणि दुसऱ्याचा पडून राहतो. फिल्म वेगळी आणि टी-शर्ट कोरे ठेवले तर ऑर्डर येईल तसं दाबता येतं. फिल्म सपाट, हवाबंद आणि कोरड्या जागी ठेवा आणि वर्षानुवर्षं साठवू नका. नगाचा खर्च काढताना कोरा टी-शर्ट आणि फिल्म यांबरोबर दाबण्याचा वेळ, टॅग, पाकीट, पेमेंटची कपात, बदलून द्यायचे नग आणि शंभरातले तीन-पाच वाया जाणारे धरा. हे न धरता ठरवलेली किंमत पहिल्या सवलतीतच तोट्यात जाते.

एक-दोन रंगांचं डिझाइन पुन्हापुन्हा मागितलं जाऊ लागलं आणि एका खेपेला पन्नासच्या पुढे नग लागू लागले, की स्क्रीन प्रिंटिंगचा भाव विचारा. तिथे प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, तो सुरुवातीचा खर्च नग वाढले की विभागला जातो. प्लास्टिसॉल या उष्णतेने पक्क्या होणाऱ्या शाईचा पूर्ण थर सुमारे १६० अंशांपर्यंत तापलेला हवा, वरवर सुकलेली शाई धुतल्यावर तडकते. कॉटनवर हाताला जवळजवळ जाणवणार नाही असा प्रिंट हवा असेल तर डिस्चार्ज शाई सुंदर काम करते, पण ती कापडाचा रंगच उडवते आणि रॉयल ब्लूसारखे काही रंग तिला दाद देत नाहीत. आधी एक नग करून पाहा.

पहिल्या ऑर्डरला पूर्ण शीट मागवू नका. छोटी चाचणी शीट घ्या: बारीक अक्षरं, एक हाफटोन, एक सलग चौकोन आणि तुमचा ब्रँडचा रंग. दाबून २४ तास थांबा, मग उलटा करून पाच वेळा धुवा. प्रिंट दोन बोटांत ताणून सोडा. तडे न जाता तो मूळ आकारात यायला हवा. हा नग आणि धुतलेल्या टी-शर्टची मापं जपून ठेवा, कारण पुढच्या खेपेचा लाल थोडा वेगळा आला किंवा कोऱ्याचा काळा दुसऱ्या लॉटचा निघाला, तर वाद घालायला हाच पुरावा असतो.