वेंगुर्ल्यातल्या जुन्या पेढीतलं स्टेकहाऊस : दिवाळीपासून श्रावणापर्यंतचा अनुभव

महागडं हॉटेल एका भेटीत कळत नाही. नवं असताना सगळेच जपून वागतात. म्हणून दिवाळीत पहिल्यांदा जेवून आल्यावर लगेच काही लिहिलं नाही. त्यानंतर कधी दोघंच गेलो, कधी मुंबईच्या पाहुण्यांना नेलं, मे महिन्याच्या गर्दीत गेलो आणि मुद्दाम भर पावसातही जाऊन आलो. आता खात्रीने सांगतो : विस्तवाच्या कामात यांचा हात धरणारं दुसरं ठिकाण आमच्या भागात मला माहीत नाही. तेवढ्यासाठी चढे दर मी खुशीने देतो. फक्त आतल्या एसी खोलीत बसवत असतील तर नाही म्हणा.

इमारत बंदराच्या बाजूची, एका व्यापाऱ्याची जुनी पेढी. जांभ्या चिऱ्याच्या रुंद भिंती, वर कौलं, पुढे लांबलचक पडवी, आत ओटी आणि माजघर. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती. इंग्रजांच्या काळात आंबोली घाटातून घाटमाथ्यावरचा माल या बंदरात उतरायचा. गोव्यातल्या मुरगावहून रेल्वे घाटावर गेली आणि तो व्यापार तिकडे वळला. डचांच्या वखारीची आज काय पडझड झाली आहे ते बघून पोटात तुटतं, त्यामुळे कुणी जुनी वास्तू वापरात ठेवली की मला मनापासून आनंद होतो. इथे पडवी आणि ओटी फार जाणतेपणाने राखली आहे. भिंतींना चुन्याचा गिलावा, जमिनीला जुन्याच लाद्या, तुळयांना नुसतं तेल. संध्याकाळी खारा वारा थेट टेबलापर्यंत येतो, पंखासुद्धा लागत नाही.

माजघराची मात्र त्यांनी एसी खोली केली आणि तिथे सिमेंटचा गिलावा मारला. जांभा पाणी शोषतो आणि चुन्यातून ते हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाटच बुजते. जुलैत खालचा हातभर रंग फुगून सुटला होता आणि खोलीत कुबट वास भरला होता. अशा वासात कुठलंही जेवण बेचव लागतं. व्यवस्थापकांना दोनदा सांगून झालं. ‘बघतो’ म्हणाले. अजून बघतायत.

आता जेवण. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे, त्यामुळे इथे स्टेक म्हणजे म्हशीचा अंडरकट, म्हणजे पाठीकडचं मऊ मांस, आणि मेनूकार्डावर तसं स्वच्छ छापलंय. हा प्रामाणिकपणा मला आवडला. या मांसात चरबीचं जाळं फारच कमी असतं, म्हणून जरा जास्त शिजलं की ते चिवट झालंच. मीडियम रेअर, म्हणजे आतून गुलाबी ठेवलेलं, सांगा, फार तर मीडियम. भट्टीत निखारे एका बाजूला ढकललेले असतात. मांस आधी धगीवर दोन्ही बाजूंनी करपू न देता गडद करतात, मग थंड बाजूला सरकवतात आणि उतरवल्यावर पाचसात मिनिटं तसंच ठेवतात. सुरी घातल्यावर ताटात रक्ताळ पाणी पसरलं नाही, की समजायचं ती मिनिटं खरंच दिली गेली. एरवी ती दिली जातात. मे महिन्यातल्या एका शनिवारी, टेबलं ओसंडत असताना, दिली गेली नव्हती. वेलडनच, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजलेलंच, हवं असेल तर इथे पैसे घालवू नका, घरचं सुकं मटण त्याहून सरस.

पण मी वारंवार जातो ते सुरमईच्या स्टेकसाठी. घरी आपण सुरमईची तुकडी पातळ कापतो, आगळ-मसाला लावतो, रव्यात घोळवतो आणि तव्यावर कुरकुरीत करतो. ती चव वेगळी, तिच्याशी स्पर्धाच नाही. इथे मधल्या काट्यासकट दोन बोटं जाड आडवा काप येतो. रवा नाही, लाल मसाला नाही. मीठ, तेल आणि करवंटीच्या कोळशाची धग. त्या कोळशाला राख कमी आणि आच कडक. कातडी पापडासारखी ताडताड वाजते, काटा टेकवला की पांढऱ्या पाकळ्या आपसूक सुटतात आणि अगदी मधल्या काट्यालगतचं मांस नुकतं कुठे पारदर्शकपणा सोडून पांढरं झालेलं असतं. अजून अर्धं मिनिट आचेवर राहिलं असतं तर कोरडं पडलं असतं. सोबत कोकम घातलेलं लोणी देतात, ते थोडंच लावा. पहिला घास तर नुसताच खा.

खरी परीक्षा पावसाळ्यात होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. तेव्हा फ्रीजरमधला मासा ‘ताजा’ म्हणून माथी मारणारे कमी नाहीत. इथे जूनमध्ये सुरमईची (आमच्याकडे इसवण) ओळ कार्डावरून काढलेली होती. आई सोबत होती, तिला तीच हवी होती. भट्टीवरचा माणूस हात पुसत स्वतः टेबलाशी आला आणि म्हणाला, “काकी, आज इसवण नको. चोणक घेवा, सकाळीच खाडीतसून इलो.” आईने चोणक घेतला आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. आमच्या घरात याहून मोठी पावती नसते. त्या दिवसापासून मी या हॉटेलवर विश्वास टाकला.

बाकीचं थोडक्यात. एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची भाजी मिळते, ती चुकवू नका. सोलकढी उत्तम, नारळाचं दूध ताजं पिळलेलं असतं. बटाट्याचा लगदा सपक. गोड पदार्थ बाहेरून आणलेले वाटतात, त्यापेक्षा उठून बाजारात आईस्क्रीम खावं. वाढणारी मुलं गावातलीच, अदबीने बोलतात, पण मांस किती शिजवायचं हे विचारायला विसरतात. आपणच सांगायचं. शनिवार-रविवारी पडवीतलं टेबल हवं तर आदल्या दिवशी फोन करा. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर लवकर जा, जाड काप व्हायला वेळ लागतो आणि तो लागायलाच हवा.

दोघांचं पोटभर जेवण साडेतीन हजारांच्या आसपास जातं. बिल नीट वाचा. ५ टक्के जीएसटी ठीक, पण त्याखाली १० टक्के सर्व्हिस चार्ज न विचारता लावलेला असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो असा परस्पर लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या आहेत. काढा म्हटलं की इथे वाद न घालता काढतात. मी तो दर वेळी काढायला लावतो आणि तेवढेच पैसे आत जाऊन भट्टीवरच्या माणसाला देतो.