एस्सिटालोप्राम चालू असताना अंगदुखीवर काय घ्यावे: पॅरासिटामॉल की आयबुप्रोफेन?

नैराश्यासाठी रोज एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन घेणाऱ्याला कंबर धरली की मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न पडतोच. मी दोन्ही गोळ्या घेऊन पाहिल्या आहेत.

लचक आणि सूज यांवर आयबुप्रोफेन सरस ठरते, हे मान्य केले पाहिजे. पॅरासिटामॉलने तिथे नुसती ठणक कमी होते. तरीही आयबुप्रोफेन घेत असे त्या दिवसांत सकाळी दात घासताना बेसिनमधला फेस गुलाबी दिसे आणि दाढी करताना लागलेला बारीकसा काप, कापूस दाबून धरला तरी, पुन्हा पुन्हा झिरपत राही. माझा कल ठरला तो या एका कटकटीमुळे. तो योगायोगही असेल, पण त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे: रक्त गोठवण्याच्या कामी येणारे सेरोटोनिन हे रसायन प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी) स्वतः तयार करत नाहीत, रक्तातून उचलून साठवतात, आणि नैराश्यावरची ही औषधे नेमकी ती उचल रोखतात. आयबुप्रोफेन त्याच प्लेटलेटना वेगळ्या वाटेने आणखी मंद करते, शिवाय जठराच्या अस्तराचे संरक्षणही घटवते. म्हणून दोन्ही एकत्र आली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. डायक्लोफेनॅक आणि अ‍ॅस्पिरिन यांनाही हेच लागू आहे. वय जास्त असेल, पूर्वी अल्सर झाला असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर हा धोका अधिक गंभीरपणे घ्यावा.

पॅरासिटामॉलमुळे रक्तस्रावाची ही अडचण सहसा येत नाही. त्याची काळजी यकृतापुरती: निरोगी प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि सर्दीच्या गोळीतले पॅरासिटामॉलही त्यातच मोजावे. मद्यपान नेहमीचे असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

दुकानात केवळ ‘अंगदुखीची गोळी’ मागू नये, कारण काँबिफ्लॅमसारख्या गोळीत पॅरासिटामॉलसोबत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनही असते. घरात कुणाची उरलेली ट्रॅमाडॉल ही तीव्र वेदनाशामक गोळी असेल, तर तिला हात लावू नये. तिच्यामुळे सेरोटोनिन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

माझ्या घरी आता पॅरासिटामॉलचीच पट्टी असते. सुजेचे दुखणे फारच असह्य झाले, तर डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर आणि पोटाच्या संरक्षक गोळीच्या आधाराने एक-दोन दिवस आयबुप्रोफेन घेणे मी समजू शकतो. मात्र शौचाला डांबरासारखे काळे झाले, तर थेट रुग्णालय गाठावे, आणि दुखण्याच्या गोळीसाठी नैराश्याचे औषध परस्पर बंद करू नये.