होंड्याजवळचं ट्रॅक्टर गॅरेज: आधी ट्रॉली खाली, मग काडी

पाचातले चार स्टार. होंडा म्हणजे आमचं गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं गाव हां, गाडी नव्हे. वाळपईला जाताना रस्त्याला लागून पत्र्याची शेड आहे, बोर्ड नाही, बाहेर एखादा पॉवर टिलर उघडून ठेवलेला असतो तीच खूण. चालवणारा पोरगा आधी खाणीवर एक्स्कॅव्हेटरच्या कामाला होता, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसला आणि मग हे सुरू केलं, त्यामुळे हायड्रॉलिकमधलं, म्हणजे तेलाच्या दाबावर वजन उचलणाऱ्या यंत्रणेतलं, त्याला कळतं ते नुसत्या ट्रॅक्टरवाल्यांना कळत नाही असं माझं मत झालंय.

माझा ट्रॅक्टर छोटा, २४ एचपीचा, कुळागरात माडा-पोफळींमधून जाईल असा. मागे कधी रोटाव्हेटर, कधी टिपिंग ट्रॉली, चिरे आणि शेणखत ओढायला. एप्रिलमध्ये पावसाआधी म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी सर्व्हिसिंगला नेला, नाव सांगत नाही. तिथल्या माणसाने ट्रॉली वर उचलून ठेवली, रॅमला (ट्रॉली उचलणाऱ्या सिलिंडरला) ग्रीस मारलं, आणि तशीच वर असताना हायड्रॉलिकच्या तेलाची पातळी बघायची काडी (डिपस्टिक) काढून बघितली. काडीला तेल जेमतेम टोकाला. "काका, ऑइल कमी आहे" म्हणाला आणि नवा पाच लिटरचा कॅन फोडून जवळजवळ सगळा ओतला. मी पैसे देऊन घरी.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली खाली घेतली तर ब्रीदरमधून (टाकीतली हवा जायच्या तोंडातून) तेल बाहेर, गिअरबॉक्सवरून ओघळ खाली मातीत. पुसलं, म्हटलं जास्तीचं गेलं असेल. पण तासभर काम केल्यावर पंप कुंई कुंई करायला लागला, लिफ्ट झटके देत वर जायची आणि काडी ओढली तर त्याच्यावर पांढरट फेस. आता पंप ओरडतो म्हणजे तेल कमी हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं, मी अजून एक लिटर ओतायच्याच बेतात होतो. शेजाऱ्याकडे खाणीच्या वेळचं अडुसष्ट नंबरचं नुसतं हायड्रॉलिकचं तेल पडलेलं होतं ते पण तो आणून देणार होता! नशीब बायको म्हणाली आधी कुणाला तरी दाखव.

तर होंड्याला नेला. पोराने पहिला शब्द काढला तो असा, "पहिली ट्रॉली सकयल कर, मागीर काडी पळय," म्हणजे आधी ट्रॉली खाली घे, मग काडी बघ. सपाट सिमेंटवर ट्रॅक्टर उभा करायला लावला, ट्रॉली पूर्ण खाली, लिफ्टचे हात पण खाली, इंजिन बंद, आणि दहा मिनिटं कोणी हात लावायचा नाही. तेवढ्यात त्याने काडीवरचं तेल नाही, भोकातून थोडं ओढून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेतलं आणि ती खिडकीत ठेवली. आम्ही चहा प्यायलो. चहा संपेपर्यंत बाटलीतला फेस वर जाऊन फुटला आणि खाली तेल परत मधासारखं स्वच्छ. "हवा आहे, पाणी नाही," म्हणाला. पाणी असतं तर कितीही वेळ ठेवलं तरी दुधाळ राहिलं असतं आणि मग वरून भरून काही उपयोग नाही, सगळं तेल गरम असताना काढायचं, फिल्टर बदलायचा, गाळणी धुवायची. आपल्याकडे पावसाळ्यात ट्रॅक्टर उघड्यावर राहिला, किंवा प्रेशरच्या पाण्याने धुताना ब्रीदरवर मारा बसला की हे होतं म्हणे.

मग काडी पुसून लावली तर तेल वरच्या खुणेच्या बरंच वर. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. ट्रॉली वर असते तेव्हा काही लिटर तेल रॅमच्या आत जाऊन बसलेलं असतं, ते तेल टाकीतलंच, म्हणून काडी कमी दाखवते. तेवढं भरलं की ट्रॉली खाली येताना ते सगळं परत टाकीत. जास्त झालं की गिअर त्याला घुसळतात, फेस होतो, पंप हवा खेचतो, आणि मग तोच आवाज, तेच झटके जे तेल कमी असताना येतात. कमी आणि जास्त दोन्हीचं रडगाणं सारखंच, फसणार नाही तर काय.

त्याने ड्रेन प्लग नाही उघडला, हातपंपाची नळी भरायच्या भोकातून घालून थोडं थोडं काढलं, फेणीच्या रिकाम्या कॅनमध्ये, मधे मधे थांबून काडी बघत. जवळजवळ चार लिटर निघालं. वरच्या खुणेच्या किंचित खाली ठेवलं, अगदी लो मार्कजवळ ठेवू नका म्हणाला, कारण ट्रॉली पूर्ण उचलल्यावर आणि वर चढावर असलो तर पंपाची गाळणी उघडी पडेल. मॅन्युअल मागवून घेऊन काडी आटे बसवून वाचायची की नुसती टेकवून हे पण बघितलं, कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं. माझ्यात गिअर आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं आणि ब्रेक पण त्याच तेलात बुडालेले, म्हणून ते अडुसष्टवालं घालू नको, ट्रॅक्टरचं यूटीटीओ म्हणून गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक तिन्हींना चालणारं येतं तेच, असं दोनदा बजावलं.

मजुरी ३०० रुपये घेतली. मी जास्त देत होतो, घेतली नाही.

स्टार का कापला? दुपारी एक ते चार शटर बंद, फोन उचलत नाही, बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतो, आणि गणेश चवथीच्या आठवड्यात गेलात आणि तो भेटला तर समजा देवच भेटला. काढलेलं तेल त्याने मला परत दिलं, कॅन अजून घरात आहे, त्यावर बायकोने मोठ्या अक्षरात "फेणी नाही" लिहून ठेवलंय.